कुंडलिका

पोरगा बसनं आला. पाठीवर सॅक.
म्हणाला, काका, कुंडलिका बँडचे वायरमन तुम्हीच ना?
म्हणालो, बस. आणि ती काठी दे,
पंखा आधी ढकलावा लागतो.

चौघं होते. नाव नदीचं घेतलेलं, योगातलं नव्हे,
हे पोस्टरखाली वेगळं लिहावं लागलं,
कारण पहिल्या कार्यक्रमाला जालन्यातल्या अकरा बायका
सतरंज्या घेऊन आल्या होत्या, प्राणायामाला.
बसल्या मात्र शेवटपर्यंत.

शड्रक अमोलिक, चर्चची पायपेटी.
भात्याला उंदरानं पाडलेलं भोक,
त्यावर माझी काळी इन्सुलेशन टेप.
सालेह चाऊस, घरचा मरफा,
ज्याच्यावर वरातीत तलवारी फिरायच्या.
ड्रम आले नंतर, आधी
बियाण्याच्या कंपनीतलं पत्र्याचं पिंप.
शुद्धोदन वाहूळ, गिटार. औरंगाबादला शिकायला गेला
तो केस वाढवून आला, डिग्री नंतर.
आणि प्रभावती. तिचं आडनाव सांगणार नाही,
तिच्या नातवंडांना अजून ठाऊक नाही.

गाणं तेवीस मिनिटांचं. एकच.
लोक विचारायचे, मुखडा कधी येतो?
शुद्धोदन म्हणायचा, मनमाड पॅसेंजरला बसता तेव्हा
विचारता का, मनमाड कधी?
विचारतो की, लोक म्हणायचे.

सालेह सातात वाजवायचा. रूपक नव्हे, दुसरंच काही,
लंगडत पळणाऱ्या घोड्यासारखं.
तबल्याचे मास्तर एकदा उठून ओरडले, सम कुठंय तुझी?
सालेहनं खिसे चाचपले.
हौ मास्तर, आत्ता तर होती इथंच.

सत्त्याहत्तरचा मे. मिशनच्या चर्चमध्ये, रात्री,
भाड्यानं आणलेला स्पूल रेकॉर्डर.
सतराव्या मिनिटाला लाइट गेली.
टेपवर तेवढंच आहे, जे तुझ्या फोनमध्ये आहे.
पुढची सहा मिनिटं त्यांनी अंधारात वाजवली.
गिटार मुकी, नुसती तारांची किणकिण.
शड्रकचे पाय, फळीचा करकर आवाज.
प्रभावती माइकशिवाय गायली
आणि तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.
तोवर मी काटा बघत होतो मीटरचा.

मग काय, भांडण. कशावरनं, विचारू नको,
आठशे रुपयांवरनं आणि एका शब्दावरनं.
दोन कुंडलिका झाल्या. शुद्धोदनची नांदेडला,
बँकेतल्या पोरांना घेऊन.
इथं सालेहची, पाटीवर ‘असली कुंडलिका,
लग्नाच्या ऑर्डरी घेतल्या जातील’.
वकिलाची नोटीस गेली. उलटी नोटीस आली.
खरी नदी पुलाखाली, काळी,
पिशव्या आणि मेलेली वासरं घेऊन पडलेली.
तिला कुणी पार्टी केलं नाही.

सालेह गेला तेव्हा शुद्धोदन एसटीनं आला.
कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभा राहिला,
माझ्याशी बोलला नाही. हात खिशात.
पण मी बघत होतो ना बे, कापडाच्या आतून
बोटं चालली होती त्याची.

पोरगा म्हणाला, ती सहा मिनिटं कुणाकडंच नाहीत?
म्हणालो, रविवारपर्यंत थांब. मोसंबी खा.

शड्रकला मोतीबिंदू. पेटी तीच, टेप तीच.
दुसरं भजन, तिसरी ओळ संपली
की तो आठातली एक मात्रा खातो.
इतकी वर्षं खातोय, कुणाला न सांगता.
आता सगळी मंडळी तशीच गाते.
दवाखान्यातल्या नर्सा, लोखंडाच्या कारखान्यातले,
मांडीवरची लेकरंसुद्धा,
त्या जागी श्वास घाईनं आत ओढतात
आणि पुढं निघतात.
नगरकडून आलेला नवा पाळक तेवढा
दर वेळी मागं राहतो,
तोंड उघडं, आठव्या मात्रेवर एकटा.

पोरानं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.
माझ्याकडं बघितलं.
मग फोन वर धरला, हात थोडा थरथरत,
आणि मी, जुनी खोड,
कानाशी वाकून विचारलं,
चार्जिंग किती आहे?